लिनिया टी-जेटमध्ये वाइडबँड: सेन्सर निवडण्यापासून आकडा पटेपर्यंत

फुल थ्रॉटल दिल्यावर माझ्या इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल किती जातं, हे मोजून सांगणारं काहीच गाडीत नव्हतं. गाडी फियाट लिनिया टी-जेट, रांजणगावच्या कारखान्यातली. १३६८ सीसी, टर्बो पेट्रोल, कागदावर ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) बदलून घेतला, टर्बोचा दाब थोडा वाढवला आणि गाडी फार सुंदर पळायला लागली. पण दाब वाढला की सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, आणि त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल मिळालं नाही तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी पेटणं, सुरू होतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि शेवटी पिस्टन किंवा टर्बो यांपैकी काहीतरी जातं. वाचलेली टर्बो इंजिनं मी पाहिली आहेत, वितळलेला पिस्टनही हातात घेऊन पाहिला आहे. त्यामुळे "बहुतेक ठीक असेल" यावर गाडी चालवणं मला पटत नव्हतं.

गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून बघ, असं सगळेच सांगतात. मी तो लावून पाहिला होता. पण फुल थ्रॉटलला स्कॅनर जो मिश्रणाचा आकडा दाखवतो, तो बऱ्याच गाड्यांत ईसीयूने मागितलेला आकडा असतो, मिळालेला नव्हे. मागणी आणि प्रत्यक्ष पुरवठा यांच्यामध्ये टाकीतला पंप, त्याची जाळी, फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर आणि पेट्रोलची जात एवढ्या गोष्टी येतात. त्यातली एक जरी कमी पडली तरी ईसीयूची मागणी तशीच राहते आणि इंजिन उपाशी जळतं. मला हवं होतं ते सायलेन्सरच्या बाजूचं, जळून बाहेर पडलेल्या वायूतलं मोजमाप, आणि ते वाइडबँड सेन्सर देतो.

इथे नॅरोबँड आणि वाइडबँड यांतला फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण दोन्हींना आपल्याकडे सरसकट "ऑक्सिजन सेन्सर" म्हणतात. नॅरोबँड हा जुना प्रकार. बॉशने १९७६ मध्ये तो बाजारात आणला आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोमध्ये तो पहिल्यांदा बसला. झिर्कोनियाच्या सिरॅमिकच्या एका बाजूला एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा व्होल्टेज. मिश्रण पातळ म्हणजे लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, रिच म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर ०.८-०.९ आणि बरोबर लॅम्डा १ ला, म्हणजे पेट्रोलला लागते तेवढीच हवा असते तिथे, हा व्होल्टेज एकदम उडी मारतो. त्या उडीच्या मधोमध साधारण ०.४५ व्होल्ट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या 'कॅट'ला, एवढं पुरतं, कारण त्याला मिश्रण लॅम्डा १ भोवती झुलतं ठेवायचं असतं. पण टर्बो इंजिन पूर्ण दाबावर असतं तेव्हा मिश्रण मुद्दाम रिच ठेवतात, लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या आसपास. त्या पट्ट्यात नॅरोबँडचा व्होल्टेज जवळजवळ सपाट होतो. तो पास-नापास सांगणारा मास्तर आहे, गुण सांगत नाही. ०.८२ आणि ०.९० यांतला फरक त्याला कळत नाही, आणि माझ्या पिस्टनचं आयुष्य नेमकं त्याच फरकावर अवलंबून होतं.

वाइडबँडमध्ये त्याच झिर्कोनियाचे दोन कोष असतात. एक कोष जुन्यासारखाच मोजतो. दुसरा पंपासारखं काम करतो: मध्ये एक बारीक पोकळी असते, तिच्यात एक्झॉस्ट झिरपतो, आणि कंट्रोलर पंप-कोषातून करंट सोडून त्या पोकळीतला ऑक्सिजन बाहेर ओढतो किंवा आत ढकलतो. पहिल्या कोषाचा व्होल्टेज कायम ०.४५ वर राहिला पाहिजे, एवढंच त्याचं उद्दिष्ट. लीन मिश्रणात ऑक्सिजन बाहेर काढावा लागतो, रिचमध्ये आत घालावा लागतो, लॅम्डा १ ला करंट शून्य. किती करंट आणि कुठल्या दिशेने, त्यावरून लॅम्डा कळतो. हे साध्य व्हायला सिरॅमिक ठरावीक तापमानावर लागतं, म्हणून आत हीटर असतो आणि कंट्रोलर त्याच्यावर सतत लक्ष ठेवतो. म्हणजे नुसता सेन्सर आणून काही उपयोग नाही. सेन्सर आणि कंट्रोलर ही जोडी आहे.

बरेच लोक आधी गेज निवडतात: डायल कुठला, रंग कुठला. मी आधी सेन्सर निवडला. बाजारात मुख्यतः बॉशचे दोन येतात, एलएसयू ४.२ आणि एलएसयू ४.९. ४.२ हा जुना, तो संदर्भासाठी बाहेरची हवा वायरींमधून आत घेतो. त्या हवेत तेलाची, सीलंटची वाफ शिरली की त्याचं मोजमाप सरकतं. ४.९ मध्ये संदर्भाचा ऑक्सिजन सेन्सर स्वतःच तयार करतो, बाहेरच्या हवेवर अवलंबून राहत नाही. तो ७८० अंश सेल्सिअसला काम करतो आणि जास्त काळ टिकतो. नवीन जोडणीसाठी आता ४.२ घेण्याचं कारण मला दिसत नाही. सेन्सर कधीतरी बदलावा लागणारच, म्हणून मी असा कंट्रोलर शोधत होतो जो बॉशचा सहज मिळणारा ४.९, म्हणजे ० २५८ ०१७ ०२५, वापरतो.

४.९ च्या कनेक्टरमध्ये लेझरने कापून जुळवलेला एक बारीक रेझिस्टर असतो. प्रत्येक सेन्सर बनताना थोडा वेगळा निघतो, तो फरक हा रेझिस्टर भरून काढतो. सेन्सरकडून पाच वायरी येतात आणि कनेक्टरला सहा पिना असतात, त्या याच्यामुळे. म्हणून कनेक्टर कापून वायरी पिळून जोडायच्या नाहीत, कितीही अडचण झाली तरी. ऑनलाइन अगदी स्वस्त ४.९ दिसतात, त्यांत नकली माल भरपूर आहे. ज्या आकड्यावर इंजिनाचा जीव आहे, तो आकडा देणारा भाग मला संशयाचा नको होता.

कंट्रोलरमध्ये माझ्यापुढे तीन पर्याय होते. इनोव्हेटचा एमटीएक्स-एल, ज्याला अधूनमधून सेन्सर मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करावं लागतं. ते तत्त्वतः चांगलं आहे, पण माझ्यासारख्याला दर वेळी गाडीखाली शिरून सेन्सर काढणं जमणार नाही. फोर्टीनपॉइंटसेव्हनचा छोटा कंट्रोलर, ज्याला स्वतःचा डायल नसतो, सिग्नल थेट आकडे नोंदवणाऱ्या लॉगरला किंवा ईसीयूला द्यायचा. आणि एईएमचा एक्स-सिरीज, ५२ मिलिमीटरचा गेज, कंट्रोलर गेजमध्येच, रेझिस्टरवरून कॅलिब्रेशन, मोकळ्या हवेची भानगड नाही. मी तिसरा घेतला. त्याचा अॅनालॉग सिग्नल सरळ रेषेत चालतो, लॅम्डा = ०.१६२१ × व्होल्ट + ०.४९९०, हेही लॉगिंगसाठी सोयीचं होतं. कंट्रोलर नॅरोबँडची नक्कल करून ईसीयूला सिग्नल देऊ शकतो आणि मूळ सेन्सर काढून टाकता येतो, असाही एक मार्ग इनोव्हेटसारख्या कंट्रोलरांत असतो. तो मी घेतला नाही. रोज ऑफिसला जाणारी गाडी चालते ती कारखान्याच्या सेन्सरवर, आणि तिथे बाहेरचा डबा मध्ये घालायची माझी तयारी नव्हती. माझा वाइडबँड फक्त बघ्या राहणार होता.

गेज हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते त्याचा डिस्प्ले एएफआरवरून, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणावरून, लॅम्डावर नेणं. हे आपल्याकडच्या गाडीवाल्यांनी नक्की करावं. गेजवर येणारा १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. इथेनॉलला जळायला तेवढी हवा लागत नाही, त्याचं प्रमाण ९ च्या आसपास. दहा टक्के इथेनॉल मिसळलं की बरोबर मिश्रण १४.१ ला येतं, वीस टक्क्यांना साधारण १३.५ ला. आपल्या पंपांवर २०२५ पर्यंत ई२० सर्वत्र झालं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातून येतं. वाइडबँड मुळात लॅम्डाच मोजतो, म्हणजे "या पेट्रोलला जेवढी हवा लागते, तिच्या किती पट आहे" हे. एएफआरचा आकडा गेज नंतर १४.७ ने गुणून काढतो. त्यामुळे ई२० भरलेल्या गाडीत गेज १२.० दाखवत असेल तर प्रत्यक्षात ते १२.० नसतंच, पण लॅम्डा ०.८२ मात्र खरा ०.८२ असतो. अमेरिकेतले लोक "११.८ ठेवा" म्हणतात आणि आपण त्यांच्या आकड्याशी आपला पंप जुळवत बसतो. लॅम्डात बोललं की पेट्रोल कुठलंही असो, गोंधळ होत नाही.

आणखी एक गोष्ट ई२० मुळे माझ्या डोक्यात होती. फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून मॅपमधल्या आकड्याप्रमाणे इंजेक्टर उघडतो. ई१० वर जुळवलेल्या मॅपवर ई२० भरलं, आणि ईसीयूने आधी शिकलेली दुरुस्ती तिथे लागू झाली नाही, तर मिश्रण तीन-चार टक्के लीन होतं. ०.८२ चं ०.८५. दाब वाढवलेल्या इंजिनात एवढी मोकळी जागा फार नसते.

आता सेन्सरची जागा. या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त विचार मी इथे केला, आणि माझं ठाम मत आहे की गेज कुठल्या कंपनीचा यापेक्षा सेन्सर कुठे बसला याला दहापट महत्त्व आहे.

टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर, सेन्सर लावायचा नाही. तिथे एक्झॉस्टचा दाब खूप असतो. पंप-कोषाचा करंट दाबाबरोबर वाढतो, म्हणून रिच मिश्रण आहे त्याहून रिच दिसतं. म्हणजे इंजिन ०.९० वर असताना गेज त्याहून सुरक्षित आकडा दाखवू शकतो, आणि टर्बो गाडीसाठी याहून वाईट खोटं नाही. शिवाय तिथली उष्णता. ४.९ ला वायूचं तापमान सततचं ९३० अंशांपर्यंत चालतं आणि सहाकोनी नटाचा भाग ६०० च्या आत राहावा लागतो. मॅनिफोल्डवर दोन्ही मर्यादा ओलांडल्या जातात.

कॅटच्या नंतर लावणं सोपं, जागा मोकळी, पण कॅट ऑक्सिजन साठवतो आणि नंतर सोडतो, उरलेलं जळण जाळतो. आकडा उशिरा येतो आणि धार गेलेला येतो. टेलपाइपला क्लॅम्प लावूनही मोजतात, डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, बरेचदा तेच असतं, पण कमी आरपीएमला पाइपमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लीन दिसतं. राहिली ती टर्बो आणि कॅट यांच्या मधली जागा. कॅट काढून सरळ पाइप टाकायचा सल्लाही मिळाला, म्हणजे जागाच जागा. तो मी ऐकला नाही. धूर ओकणारी गाडी मला चालवायची नाही, आणि पीयूसीला ती पास होणार नाही हे वेगळंच.

काही गेज बनवणारे टर्बोपासून दोन-अडीच फूट लांब जा म्हणतात. माझ्या गाडीत कॅट त्याच्या आधीच येतो. मधल्या नळीत मूळ सेन्सरशेजारी जी जागा उरते ती टर्बोच्या बरीच जवळ आहे. म्हणजे उष्णता जास्त. मी बंग, म्हणजे सेन्सर ज्यात बसतो तो आट्यांचा नट, थोडा उंच घेतला. त्यामुळे सेन्सरचा सहाकोनी भाग नळीपासून जरा वर राहतो, आणि टोक वायूच्या प्रवाहात पोचतं. फार उंच घेतला तर टोक प्रवाहाबाहेर जातं आणि आकडा रेंगाळतो, म्हणून हा तोल सांभाळावा लागतो.

दुसरा नियम कोनाचा. सेन्सर आडवा नको, आणि खालून वर तर नकोच. आडव्यापासून निदान दहा अंश वर, टोक खालच्या बाजूला. थंड इंजिन चालू केलं की सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, ते सेन्सरच्या आत साचलं आणि वरून हीटर तापला की सिरॅमिकला तडा जातो. पावसाळ्यात पुण्यात रोज सकाळी हीच परिस्थिती असते.

कोन ठरवायचा तो नळी गाडीवर असताना. बाकावर काढून ठेवलेल्या नळीला वर-खाली कळत नाही. मी गाडी लिफ्टवर चढवून, नळीवर मोबाइलचा लेव्हल धरून, मार्करने रेघ ओढली. ड्राइव्हशाफ्ट, स्टिअरिंगचा रॅक, गिअरबॉक्सची बाजू, कूलंटचा होज सगळं बघून सेन्सर आणि त्याची वायर कुठे येईल ते ठरवलं. सेन्सर काढायला पाना कुठून घालणार हेही तेव्हाच बघावं. २२ चा खाच असलेला सॉकेट आत जातो का, तो फिरवायला हात जातो का, हे नंतर कळून उपयोग नसतो.

टर्बोच्या बाजूचे नट गंजून बसलेले असतात, त्यांना आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी तेल मारून ठेवलं. नळी खाली आली आणि मी ती घेऊन भोसरीत एका फॅब्रिकेशनवाल्या मामांकडे गेलो. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्यभर सायलेन्सर आणि डेअरीच्या स्टीलच्या टाक्या जोडलेल्या. त्यांनी माझी रेघ बघितली आणि म्हणाले, "साहेब, इथं भोक पाडलं तर वेल्डिंगची टॉर्च फिरणार नाही मागनं. एक बोट पुढं घेऊ. कोन तोच राहील."

मी विचारलं, "मामा, पुढे घेतल्यावर फ्लँजला लागणार नाही ना?"

त्यांनी फ्लँजवर नट धरून दाखवला. लागत नव्हता. एक बोट पुढे घेतलं.

भोक स्टेप ड्रिलने पाडलं, कडा आतून घासून घेतल्या, म्हणजे आत धातूचा चुरा काही राहिला नाही. तो कचरा पुढे कॅटमध्ये जातो. बंग स्टेनलेसचा, आटे एम १८ × १.५. मामांनी आर्गॉन वेल्डिंगला बसण्याआधी स्वतःहून विचारलं, "जुना सेन्सर आहे का एखादा? नाहीतर बोल्ट द्या." वेल्ड होताना नट तापून थोडा आक्रसतो आणि आटे लंबगोल होतात, म्हणून आत काहीतरी घट्ट बसवून वेल्ड करायचं. नवा सेन्सर मात्र कधीच नाही. मी त्याच आट्यांचा प्लग नेला होता. थंड झाल्यावर मामांनी टॅप फिरवून आटे साफ केले. त्यांच्या हाताच्या वेल्डची ती एकसारखी खवले पडलेली कडा मी अजूनही लिफ्टखाली गेलो की बघतो. प्लग नंतरही सांभाळून ठेवला, कारण वाइडबँड कधी काढावा लागला तर भोक बंद करायला तो लागतोच.

नळी परत चढवताना नवीन गास्केट टाकली, आणि सीलंट अजिबात वापरलं नाही. साध्या सिलिकॉन सीलंटची वाफ ऑक्सिजन सेन्सरला विष आहे. मग गाडी थंड असतानाच चालू करून टेलपाइपवर ओलं फडकं धरलं आणि प्रत्येक जोडावर कान आणि साबणाचं पाणी लावलं. हे वेळखाऊ वाटतं पण सोडू नये. सेन्सरच्या आधी कुठेही बारीक गळती असेल तर एक्झॉस्टच्या प्रत्येक ठोक्यामागून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज लीन दाखवतो. मिश्रण ठीक असताना माणूस पेट्रोल वाढवत बसतो. मिसफायरचंही तसंच: पेट्रोल भरपूर, पण जळलंच नाही, म्हणून ऑक्सिजन शिल्लक, म्हणून गेजवर लीन. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो, हे आकडा वाचताना क्षणभरही विसरायचं नाही.

सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातून अँटी-सीझ, म्हणजे आटे धरू नयेत म्हणूनचं वंगण, लावलेलं येतं, ते टोकाला लागू न देता ५० न्यूटन-मीटरला घट्ट केलं. बॉश ४० ते ६० सांगतं.

वायरिंगमध्ये पॉवर कुठून घ्यायची हा खरा प्रश्न. सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसलेला आणि गाडी चालू असताना हीटर बंद, असं कधीही होता कामा नये. थंड सेन्सरवर काजळी धरते आणि तो लवकर मरतो. त्यामुळे हौसेचा वेगळा स्विच लावायचा नाही. उलट नुसती चावी फिरवून इंजिन बंद ठेवलं आणि हीटर तापत राहिला, तर नंतर इंजिन चालू होताच नळीतलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं. मी फ्युएल पंपाच्या रिलेवरून एक वेगळा रिले चालवला आणि बॅटरीवरून फ्यूजसकट स्वतंत्र लाइन दिली. पंप चालू तेव्हा हीटर चालू, इंजिन बंद की दोन्ही बंद. सेन्सरची केबल फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, मोठ्या रबरी ग्रोमेटमधून आत घेतली, कारण कनेक्टर कापायचा नव्हता आणि छोट्या भोकातून तो जात नव्हता. टर्बोजवळच्या भागात काचतंतूचं उष्णतारोधक आवरण चढवलं.

गेज डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात, ए-पिलरला न लावता, स्टिअरिंगच्या बाजूला खाली बसवला. डोळ्यांसमोर उजेड नको, आणि फुल थ्रॉटलला नजर रस्त्यावर हवी, गेजवर नव्हे. त्यासाठीच लॉगर.

लॉगरसाठी अर्डुइनोचं छोटं सर्किट लॅपटॉपला जोडलं आणि अॅनालॉग सिग्नल त्याला दिला. पहिल्याच लॉगमध्ये गेज ०.८२ म्हणत होता आणि लॉग ०.८५. ०.०३ म्हणजे या कामात खूप. शोधल्यावर दोन कारणं मिळाली. लॉगरची अर्थ-वायर (ग्राउंड) सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून आली होती आणि गेजची अर्थ डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या बोल्टवर. हीटरचा करंट त्या पातळ वायरीतून जाताना गेजची अर्थ ०.१ व्होल्टने वर उचलली जात होती. दुसरं, लॅपटॉपचा यूएसबी ५ व्होल्ट देत नव्हता, मल्टिमीटरवर ४.७८ येत होते, आणि माझा प्रोग्राम ५.०० धरून हिशेब करत होता. दोन्ही चुका एकाच दिशेने ढकलत होत्या, लीनकडे. गेजच्या अॅनालॉग सिग्नलला स्वतःची वेगळी अर्थ-वायर असते, ती थेट लॉगरला दिली, आणि प्रोग्राममध्ये खरा व्होल्टेज घातला. गेज आणि लॉग दुसऱ्या दशांशापर्यंत जुळले. अॅनालॉग सिग्नल वापरणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं, कारण कित्येक जण लॉगवरून मॅप बदलतात.

मग खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याकडच्या वाटेवरचा हा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या वेगात राहूनही टर्बोवर सलग भार येतो. सेन्सरच्या सहाकोनी भागाला के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बांधला होता आणि शेजारी बसलेल्या मावसभावाच्या हातात मल्टिमीटर. लेझरवाली तापमान-बंदूक इथे चालत नाही, चकचकीत स्टीलवर ती कमी दाखवते. घाटमाथ्याला सहाकोनी भाग साडेचारशेच्या आसपास होता. ६०० च्या खाली, आणि मला हवी होती तेवढी मोकळीक. उंच बंग कामाला आला. सपाट रस्त्यावर लॅम्डा ०.९९ ते १.०१ मध्ये झुलत होता, पाय काढला की इंजेक्टर बंद होऊन गेज लीनच्या टोकाला जात होता, घाटात दाब वाढला की ०.८८ पर्यंत उतरत होता. सगळं अपेक्षेप्रमाणे.

पूर्ण थ्रॉटलची चाचणी रस्त्यावर करायची नव्हती, ती डायनोवर केली. ३००० आरपीएमला ०.८२, ४००० ला ०.८२, ४८०० नंतर आकडा हळूहळू वर सरकू लागला आणि ५८०० ला ०.९० वर पोचला. ऑपरेटरला हात करून मी तिथेच थांबवलं. आवाज गोड, धूर नाही, चेक लाइट नाही, पॉवरचा आलेखसुद्धा नजरेला सुंदर. ईसीयूची मागणी स्कॅनरवर शेवटपर्यंत ०.८२ च होती. याच फरकासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता.

कमी आरपीएमला बरोबर आणि वर गेल्यावर लीन, म्हणजे मॅपपेक्षा पुरवठ्यावर संशय घ्यावा. डायनोवाल्याने मॅपमध्येच वरच्या भागात पेट्रोल वाढवायची तयारी दाखवली, पण ते मी थांबवलं. पंप थकला असेल तर इंजेक्टर जास्त वेळ उघडून आजार झाकला जातो आणि तो वाढतच राहतो. मागच्या सीटखालून पंप बाहेर काढला. त्याची जाळी तपकिरी गाळाने भरली होती. जुन्या टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल गेलं की भिंतीला बसलेला गाळ सुटतो, आणि त्यात ई२० ला त्याच ताकदीसाठी पेट्रोल जास्त लागतं. पंपावर दोन्हीकडून भार. नवीन पंप, नवीन जाळी, नवीन फिल्टर टाकले, आणि पेट्रोलचे रबरी होज इथेनॉलला चालणारे टाकले.

पुन्हा डायनो. ३००० पासून ६००० पर्यंत लॅम्डा ०.८१ ते ०.८३. मॅपला हात लावावा लागला नाही.

नंतर पीयूसीची मुदत संपली तेव्हा मी गेज चालू ठेवूनच केंद्रावर गेलो. बीएस-४ पेट्रोल गाडीला हाय आयडलला, २५०० आरपीएमच्या आसपास, लॅम्डा १ च्या ०.०३ अलीकडे-पलीकडे असावा लागतो आणि तो प्रमाणपत्रावर छापला जातो. त्यांचं यंत्र टेलपाइपमधल्या वायूंवरून हिशेबाने लॅम्डा काढतं, माझा सेन्सर कॅटच्या आधी करंटवरून. कागदावर १.००३ आला, गेजवर त्या वेळी १.००. पूर्ण दाबावरच्या आकड्याचा पुरावा म्हणून ही पडताळणी पुरेशी नाही, पण लॅम्डा १ ला तरी माझा सेन्सर सरकलेला नाही एवढं तिने दाखवलं. आता दर पीयूसीला मी तो आकडा गेजशेजारी लिहून ठेवतो. दोन्हींत अंतर पडायला लागलं की पहिल्यांदा नळीचे जोड तपासायचे, आणि ते गळत नसतील तर सेन्सर बदलायचा.